अपघातानंतरचा धसका आणि न थांबणारी डोकेदुखी: एमआरआयमध्ये काय बघायचं, वहीत काय लिहायचं

डोक्याला मार लागून तीन-चार महिने झालेत. टाके निघाले, सिटी स्कॅन स्वच्छ आला. तरी दर दोन दिवसांनी कानशिलं ठणकतात, आणि नागपूरच्या वर्धा रोडवर मागून ट्रकचा हॉर्न वाजला की हातापायातलं बळ जातं. अशा माणसाला घरचे तीन सल्ले देतात: गोळी घे, मनावर घेऊ नको, एकदाचा एमआरआय करून टाक. तिसरा सल्ला सगळ्यांत शास्त्रीय वाटतो, आणि फसगतही त्यातच जास्त होते. कारण धसक्यामुळे मेंदूच्या रचनेत बदल दिसतात हे खरं असलं, तरी ते एकट्या तुमच्या फिल्मवर जवळपास कधीच दिसत नाहीत. म्हणून काय बदलतं हे समजून घ्या, पण उपचार त्या फिल्मवर टांगून ठेवू नका.

आधी धोक्याच्या खुणा

पुढचं वाचण्याआधी हे तपासा. डोकेदुखी क्षणात शिगेला पोहोचली, दिवसेंदिवस वाढतच चालली, उलट्या आणि गुंगी सोबत आहेत, एक हात किंवा पाय जड पडतोय, बोलणं अडखळतंय, झटका आला, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळतंय, ताप येऊन मान आखडली, यातलं एक जरी असेल तर वही-बिही बाजूला ठेवा. १०८ लावा नाहीतर सरळ मेडिकल किंवा मेयोची कॅज्युअल्टी गाठा. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: नागपुरात ‘मेडिकलला जा’ म्हणजे औषधाच्या दुकानात नव्हे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. मेयो हे दुसरं शासकीय रुग्णालय.)

म्हाताऱ्या माणसांबाबत जास्त सावध राहा. साठीच्या पुढे, रोजची दारू असेल तर, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, न्हाणीत किरकोळ पाय घसरून डोकं आपटलं तरी कवटीच्या आत हळूहळू रक्त साचू शकतं. ते तीन-चार आठवड्यांनीसुद्धा डोकं वर काढतं. त्यामुळे पहिल्या दिवशीचा स्वच्छ सिटी स्कॅन तिथे कामाचा नाही, नवा काढावा लागतो.

दोन निदानं, दोन घड्याळं

मार लागल्यावर, किंवा शुद्ध आल्यावर, ७ दिवसांच्या आत सुरू झालेल्या डोकेदुखीला आघातोत्तर डोकेदुखी म्हणतात. ती ३ महिन्यांच्या पुढे गेली की ‘चिवट’ धरतात. अपघातानंतर दोन महिने डोकं शांत होतं आणि मग दुखायला लागलं, तर ती या व्याख्येत बसत नाही. अशा वेळी मानेचा लचका, जुनी अर्धशिशी, चष्मा, रक्तदाब आणि गोळ्यांचा अतिरेक हे आधी बघायचं.

पीटीएसडीचं, म्हणजे जबर प्रसंगानंतर मनात रुतून बसलेल्या धसक्याच्या आजाराचं, घड्याळ वेगळं आहे. जिवावर बेतलेला प्रसंग, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार स्वतःवर गुदरला किंवा डोळ्यांनी पाहिला, आणि त्यानंतर एका महिन्याहून जास्त काळ चार गोष्टी राहिल्या तर हे निदान होतं: प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, मन आणि विचार काळवंडणं, आणि सदा कान टवकारलेले असणं. डोक्याला मार लागलेला असलाच पाहिजे असं नाही. मागे बसलेल्या बायकोला खरचटलंसुद्धा नाही, पण रात्री दचकून ती उठते, हेही त्यातच येतं.

चाळणी म्हणून पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची यादी वापरतात. गेल्या महिन्यात प्रत्येक त्रास किती झाला याला ० ते ४ गुण, एकूण ८० पैकी. बेरीज ३१ ते ३३ च्या वर गेली तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे नीट मुलाखत करून घ्यायची. नुसत्या बेरजेवर निदान होत नाही. मात्र तीच यादी दर महिन्याला भरली आणि गुण १० किंवा जास्त उतरले, तर उपचार लागू पडतोय असं धरायला हरकत नाही.

मेंदूत नेमकं काय बदलतं

चार जागा लक्षात ठेवा. आठवणीला स्थळ-काळ चिकटवणारा हिप्पोकॅम्पस दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला असतो. एका बाजूचा साधारण ३ ते ४ घन सेंटिमीटर, म्हणजे चहाचा पाऊण चमचा. त्याच्या पुढ्यात बदामाएवढा अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा. कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग आणि त्याला लागून आतला अँटीरियर सिंग्युलेट हे घंटेवर हात ठेवणारे. चौथा इन्सुला, जिथे शरीराच्या आतल्या कळा ‘जाणवतात’. दुखणं किती बोचावं आणि भीती किती वाटावी हे ठरवणारे भाग बरेचसे एकच आहेत. अर्धशिशीच्या अभ्यासांतही हीच नावं पुन्हा पुन्हा येतात. डोकेदुखी आणि धसका एका घरात नांदतात ते उगीच नाही.

आता आकडे. २०१८ साली अनेक केंद्रांनी मिळून १,८६८ माणसांचे स्कॅन एकाच पद्धतीने मोजले. त्यातल्या ७९४ जणांना पीटीएसडी होता. हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान भरला. पण किती? फरकाचं माप ०.१७ इतकं होतं. सोप्या भाषेत, पीटीएसडी असलेला एक आणि नसलेला एक अशा १०० जोड्या लावल्या तर जवळपास ५५ जोड्यांत पहिल्याचा हिप्पोकॅम्पस लहान निघेल, ४५ जोड्यांत दुसऱ्याचा. नाणेफेकीहून जरासं वर. हजारांच्या गर्दीत हा फरक पक्का दिसतो, एका माणसात त्यावरून काही सांगता येत नाही.

शिवाय आधी काय, नंतर काय हाही प्रश्न आहेच. २००२ मध्ये व्हिएतनाम युद्धातून आलेले सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ तपासले. ज्या सैनिकांना तीव्र पीटीएसडी होता त्यांच्या घरी राहिलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहानच होता. म्हणजे काहींच्या बाबतीत ती ठेवण मुळातलीच असते आणि प्रसंग आल्यावर माणूस जास्त हादरतो. ‘धक्क्याने मेंदू सुकला’ असं कोणी ठामपणे सांगत असेल तर त्याला हा अभ्यास दाखवा.

चिवट आघातोत्तर डोकेदुखीत मेंदूच्या वरच्या सालीची, म्हणजे कॉर्टेक्सची जाडी कपाळामागे आणि टाळूकडच्या काही भागांत कमी आढळली आहे. निरोगी माणसात ही साल सरासरी अडीच मिलिमीटर असते, तेव्हा आपण मिलिमीटरच्या अंशांबद्दल बोलतोय. पुढच्या भागात डोकेदुखी जितकी वारंवार तितकी जाडी कमी, असंही नातं दिसलं. हे काम अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचं. आपल्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या मेयोशी त्याचा काही संबंध नाही. आपलं मेयो व्हाइसरॉयच्या नावाचं, त्यांचं डॉक्टर बाप-लेकांच्या.

पातळ झालेली साल कायमची गेली असं समजू नका. खुब्याच्या सांध्याची जुनी दुखी शस्त्रक्रियेने थांबल्यावर वेदनेशी संबंधित भागांतला घटलेला करडा पदार्थ (ग्रे मॅटर) पुन्हा वाढलेला दिसला आहे.

एमआरआय करायचाच असेल तर

डोकेदुखी चिवट झाली, तिचं रूप बदललं किंवा तपासणीत काही खटकलं तर एकदा एमआरआय करणं योग्य. चिठ्ठीवर साधा ब्रेन एमआरआय आणि त्यात एसडब्ल्यूआय सिक्वेन्स (एमआरआयमधलाच एक खास फोटोप्रकार) आहे का, एवढं डॉक्टरांना विचारा. मार लागल्यावर राहिलेले रक्ताचे बारीक ठिपके एसडब्ल्यूआयमध्ये सगळ्यांत चांगले दिसतात, आणि ‘डोकेदुखी’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर काही ठिकाणी तो करतच नाहीत. अपघाताची तारीख चिठ्ठीत असली पाहिजे. काँट्रास्टचं इंजेक्शन बहुतेकांना लागत नाही. लागलं तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा.

धनतोली-रामदासपेठेत स्कॅन सेंटर शोधावं लागत नाही. पण जाताना जोडवी, मंगळसूत्र, तावीज, केसातल्या पिना आणि परकराला लावलेली सेफ्टी पिन घरीच काढून ठेवा. ही शेवटची पिन हमखास विसरते. हाडात प्लेट किंवा रॉड असेल तर शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्या. हिंगणा किंवा बुटीबोरीत वेल्डिंग-ग्राइंडिंगचं काम केलं असेल तर तंत्रज्ञाला आवर्जून सांगा. डोळ्यात रुतलेला लोखंडाचा कण चुंबकात हलू शकतो, त्यासाठी आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.

धसका असलेल्या माणसाची खरी परीक्षा बोगद्यात होते. २० ते ४० मिनिटं अरुंद जागा, डोकं जखडलेलं, आणि ठोक-ठोक आवाज. आत सरकण्याआधीच डोळे मिटा, आत गेल्यावर मिटू असं म्हणू नका. छत नाकाजवळ आलेलं एकदा दिसलं की ते विसरता येत नाही. कानात बोळे आणि वर हेडफोन दोन्ही मागा. हातात रबरी फुगा देतात, तो आधी एकदा दाबून घंटा वाजते का बघा. घरच्या माणसाला पायाशी उभं राहू देतात. त्याच्याजवळही धातू नको. हे सगळं जमवायचं कारण असं, की डोकं जरा जरी हललं तरी प्रतिमा धूसर होते आणि मोजणीत कॉर्टेक्स आहे त्यापेक्षा पातळ भरतो.

रिपोर्टमधली काही वाक्यं लोकांची झोप उडवतात. ‘नॉन-स्पेसिफिक फ्लेअर हायपरइंटेन्सिटीज’ म्हणजे पांढऱ्या भागातले बारीक ठिपके; अर्धशिशी, रक्तदाब आणि वय यांतही ते दिसतात. ‘म्यूकोसल थिकनिंग इन मॅक्सिलरी सायनस’, म्हणजे गालाच्या सायनसचं अस्तर जाड दिसणं, हे निम्म्या गावाला सापडेल, त्यावर सायनसचे महागडे कोर्स घेऊ नका. ‘पार्शियल एम्प्टी सेला’, म्हणजे पीयूष ग्रंथीची खोबण अर्धवट रिकामी दिसणं, बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, पण नजर अंधुक होत असेल किंवा वाकल्यावर डोकं फुटतंय असं वाटत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरकडून पडद्यामागची नस तपासून घ्या, कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. आणि हिप्पोकॅम्पस एका बाजूला नुसत्या डोळ्यांना लहान दिसतोय, वर तो चकाकतोय असं लिहिलं असेल, तर ती पीटीएसडीची खूण समजू नका. तिथे फेफऱ्याचा विचार करून न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं.

काही ठिकाणी संगणकाने मोजलेले आकार वेगळे पैसे घेऊन देतात. धसक्याच्या निदानासाठी त्यावर पैसे घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत. मशीन बदललं, सॉफ्टवेअर बदललं की आकडा बदलतो. अंगातलं पाणी कमी झालं तरी मेंदूचं आकारमान किंचित घटलेलं भरतं, आणि मे महिन्यात सीताबर्डीवरून पायी आलेल्या माणसाच्या अंगात पाणी किती असणार!

वही

फिल्मपेक्षा दोनशे पानी वही जास्त सांगते. चार आठवडे रोज लिहा, न दुखलेल्या दिवशीही. एक नोंद अशी दिसते:

‘१२ मे. दुपारी ३ ला सुरू. उजवं कानशील, ठणका, ७/१०. उमासे, उलटी नाही, उजेड सहन होत नव्हता. आदल्या रात्री सव्वातीनला दचकून जाग, मग झोप नाही. सकाळपासून चहा ४, पाणी एक बाटली. ११ वाजता छत्रपती चौकात ब्रेकचा आवाज, छाती धडधडली. पॅरासिटामॉल ६५०, एक, ४ वाजता. संध्याकाळी ७ ला ३/१०.’

या एका नोंदीत अर्धं निदान आहे. एका बाजूचा ठणका, उमासे आणि उजेडाचा त्रास म्हणजे डोकेदुखीचं रूप अर्धशिशीचं. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं असतं तर ताणाचं म्हटलं असतं. औषध या रूपावरून निवडतात. झोप मोडणं आणि धडधड दुखण्याच्या काही तास आधी आली आहेत. हाच क्रम महिनाभरात पुन्हा पुन्हा दिसला तर डोकेदुखीचा आणि धसक्याचा असे दोन्ही उपचार सोबत लागतील. लोक एक चूक हटकून करतात: फक्त वाईट दिवस लिहितात. मग महिन्यात किती दिवस डोकं दुखलं आणि किती दिवस गोळी घेतली हे दोन आकडे निघत नाहीत, आणि डॉक्टरांना नेमके तेच हवे असतात.

गोळ्यांचा हिशेब

महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ साधी वेदनाशामकं महिन्याला १५ दिवस, किंवा मिश्र गोळ्या, ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या), ट्रमॅडोलसारखी अफूवर्गातली औषधं १० दिवस घेतली जाताहेत, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरतेय असं समजायचं. दिवस मोजायचे, गोळ्या नव्हे. पानटपरीवर सुटी मिळणारी डोकेदुखीची गोळी बहुधा मिश्र असते, तिच्यात कॅफिनही असतं. तिला १० दिवसांची मर्यादा लागू.

हे मोडायचं तर आठवड्यात दोन दिवसांवर गोळी आणा, रोजचं प्रतिबंधक औषध डॉक्टरकडून सुरू करून. साधी गोळी एकदम थांबवता येते. पहिले २ ते १० दिवस डोकं जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते. बहुतेक जण चौथ्या दिवशी हार मानतात आणि ‘मला गोळीशिवाय जमत नाही’ असा समज करून घेतात. घरात लग्नकार्य नसलेला आठवडा निवडा. ट्रमॅडोल किंवा क्लोनाझेपाम (घबराटीवरची, गुंगी आणणारी गोळी) रोज चालू असेल तर मात्र स्वतःहून तोडू नका, ते हळूहळू उतरवावं लागतं.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे असताना, पाणी न पिता आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत राहिलात तर मूत्रपिंडावर बेतू शकतं. त्या दिवसांत पॅरासिटामॉल बरं, तेही २४ तासांत ४ ग्रॅमच्या आत, आणि यकृताचा आजार किंवा दारू असेल तर त्याहून बरंच कमी.

उपचाराची जुळणी

धसक्यावर पहिला उपचार बोलण्याचा, पण गप्पांचा नव्हे. प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना सामोरं जाणं, साधारण ८ ते १५ सत्रं), कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (प्रसंगाबद्दल अडकलेले विचार सोडवणं, १२ सत्रं) किंवा ईएमडीआर (आठवण मनात आणून डोळ्यांच्या हालचाली करणं), यातलं काय करता आणि किती सत्रांत, असं थेरपिस्टला सरळ विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा बघा. गोळ्यांत सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन. परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. नुसतं अल्प्राझोलाम (क्लोनाझेपामच्याच गटातली गोळी) देऊन महिनोन्महिने ठेवणं पीटीएसडीत चुकीचं आहे, मार्गदर्शक सूचना त्याच्या विरोधात आहेत.

२०२२ मध्ये अमेरिकेत १९३ माजी सैनिकांवर झालेली चाचणी या विषयात महत्त्वाची. मार लागल्यानंतरची डोकेदुखी आणि पीटीएसडीची लक्षणं दोन्ही त्यांना होती. डोकेदुखीसाठी बेतलेल्या ८ छोट्या वर्तनोपचार सत्रांनी डोकेदुखीमुळे येणारी अडचण कमी झालीच, धसकाही १२ सत्रांच्या प्रोसेसिंग थेरपीइतका उतरला. उलट फक्त धसक्यावर काम केलेल्यांची डोकेदुखी तेवढी हलली नाही. म्हणजे ‘आधी मन बरं होऊ दे, डोकं आपोआप थांबेल’ म्हणून बसून राहण्यात अर्थ नाही. त्या सत्रांत काय होतं? शिथिलीकरण, दुखण्याला चाळवणाऱ्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं, सोडून दिलेली कामं पुन्हा सुरू करणं.

मोठी गडबड होते ती दोन चिठ्ठ्यांच्या मधे. हाडाच्या डॉक्टरने ट्रमॅडोल, मनाच्या डॉक्टरने सर्ट्रालीन, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. ही जोडी झटक्यांचा आणि सेरोटोनिन वाढण्याचा धोका आणते. डोकेदुखी टाळायला रोज देतात त्या औषधांचंही असंच: पॅरोक्सेटीनसोबत अ‍ॅमिट्रिप्टिलीन दिलं तर अ‍ॅमिट्रिप्टिलीनचं रक्तातलं प्रमाण चढतं, म्हणून १० मिलिग्रॅमपासूनच सुरुवात. प्रोप्रॅनोलॉल दम्यात चालत नाही. टोपिरामेटने शब्द सापडेनासे होतात, आणि आधीच विसरभोळा झालेला माणूस घाबरतो की मेंदू बिघडला. गरोदरपणाची शक्यता असेल तर ते टाळतात. सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो मोबाइलमध्ये एका जागी ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला, त्यांनी विचारलं नाही तरी, दाखवा.

न्यूरॉलॉजी मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत आहे, मिहानमधलं एम्स आहे, मानसोपचाराची ओपीडी मेडिकल, मेयो आणि प्रादेशिक मनोरुग्णालयात. मनोरुग्णालयाचं नाव काढलं की घरात कुजबुज सुरू होते. तिथली ओपीडी दाखवून परत येण्यासाठीच असते. रात्री-बेरात्री बोलायला १४४१६ हा टेली मानसचा मोफत क्रमांक, मराठीतही. विम्याने ‘मानसिक’ म्हणून दावा अडवला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ दाखवा. शारीरिक आजाराला जे विमासंरक्षण तेच मानसिक आजाराला, असं त्यात आहे.

पुन्हा गाडीवर

मार लागल्यावर पहिले २४ ते ४८ तास आराम पुरे. महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्याने डोकेदुखी वाढते आणि भीती घट्ट बसते. रोज वीस मिनिटं चाला, उन्हाळ्यात फुटाळ्याला सकाळी सहाच्या आत.

गाडीची भीती टप्प्यांनी काढायची, पहिले टप्पे थेरपिस्टशी ठरवून. अस्वस्थतेला ० ते १०० आकडा द्या. अंगणात बंद स्कूटीवर बसणं, मग गल्लीत फेरी, रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सचे रिकामे रस्ते, मग दुपारचा वर्धा रोड, आणि शेवटी ती जागा. प्रत्येक टप्प्यावर आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबा. ३० ते ४५ मिनिटं लागू शकतात. आकडा ८० असतानाच माघारी फिरलात तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. चक्कर येत असेल किंवा गुंगीच्या गोळ्या चालू असतील तर गाडी चालवू नका, मागे बसून टप्पे करा.

आपटलेलं हेल्मेट मात्र पुन्हा घालू नका. वरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो आणि दुसरा मार तो झेलत नाही. नवं घेताना आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा बघा. दुकानातच दहा मिनिटं घालून उभं राहा. कपाळावर एका जागी दाब जाणवला तर मोठं माप मागा, नाहीतर त्या दाबानेच डोकं दुखेल आणि दोष अपघाताला जाईल.